चित्रकाराचे नाव आणि चित्रकाराचे दाम

(स्वतंत्रपणे चित्रे काढून उपजीविका करणाऱ्या तरुण-तरुणींपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चित्रकारांच्या सभेत वकिलाचे काय काम, असा प्रश्न आपणांस पडला असेल. कुंचला कसा धरावा हे मला ठाऊक नाही आणि रंगसंगतीवर मत देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु चित्र पुरे झाल्यावर ते कोणाच्या मालकीचे होते, त्याखाली कोणाचे नाव राहते आणि त्यापासून मिळणारे दाम कोणाच्या खिशात जातात, हे प्रश्न कायद्याचे आहेत. याच प्रश्नांवर आपल्या समाजात आजवर सर्वांत कमी बोलले गेले आहे.

सहा डिसेंबरला आपण दादरला जाता. चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रांगा, शिवाजी पार्कवरील पुस्तकांची दुकाने, बिल्ले, दिनदर्शिका, तसबिरी हे सारे आपल्या परिचयाचे आहे. विजयादशमीला नागपुरात दीक्षाभूमीच्या परिसरात हेच दृश्य दिसते. त्या दुकानांतील एखादी दिनदर्शिका हाती घेऊन नीट न्याहाळा. तिच्यावर मुद्रणालयाचे नाव असते, प्रकाशकाचा पत्ता असतो, किंमत असते, आणि शुभेच्छा देणाऱ्या स्थानिक पुढाऱ्याचे हसरे छायाचित्र तर बाबासाहेबांच्या चित्राहून फारसे लहान नसते. नसते ते फक्त ज्याने चित्र काढले त्याचे नाव. पुस्तकांच्या मुखपृष्ठांची गोष्ट थोडी बरी, पण फार बरी नाही.

याच्या उलट एक गोष्ट पाहा. 1932 ते 1948 या काळात इंग्रजी वृत्तपत्रांतून बाबासाहेबांवर जी व्यंगचित्रे आली, त्यांचा संग्रह स्वतः व्यंगचित्रकार असलेले उन्नमती श्यामसुंदर यांनी 2019 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यांतील पुष्कळ चित्रे कुत्सित आहेत. ज्या पुरुषाने एका समाजाला माणूसपण मिळवून दिले त्याला त्यांत कधी खुजा, कधी हट्टी, कधी हास्यास्पद असा रंगविला आहे. ती चित्रे कोणी काढली हे आज आपण सांगू शकतो, कारण चित्रकारांना नाव होते आणि वृत्तपत्रांत स्थान होते. शंकर यांचे 1949 सालचे गोगलगाईचे चित्र पाठ्यपुस्तकात आले म्हणून 2012 साली संसदेत गदारोळ झाला, तेव्हाही ते कोणाचे हा प्रश्न कोणाला पडला नाही. टिंगल करणाऱ्यांच्या सह्या इतिहासात राहिल्या आणि ज्यांनी झोपडीझोपडीत टांगलेली प्रेमाची चित्रे काढली, त्यांतील बहुतेकांची नावे गेली. हा दोष कोणा परक्याचा नाही.

मी या अवस्थेला एक जुने नाव देतो, ते ऐकून काहींना राग येईल. महार वतनाची पद्धत आपल्या वाडवडिलांनी भोगली आहे. वतनदार महाराने अष्टौप्रहर सरकारची आणि गावाची चाकरी करावयाची. तो घरी नसेल तर घरातील दुसऱ्याने जावयाचे. मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा आणि गावाच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते. कामाला मर्यादा नाही, दामाला निश्चिती नाही, आणि वर सांगावयाचे की हा तुमचा मान आहे. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच व्यवस्थेवर. पुढे 1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. आता आपल्याकडील एखादे मंडळ तरुण चित्रकाराला काय सांगते ते आठवा. “जयंती परवावर आली, रात्रीतून फलक करून द्या. चळवळीचे काम आहे, पैसे कसले मागता? तुमचे नाव होईल.” आणि फलकावर नाव मात्र मंडळाचे! संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदाने बंदी घातलेली वेठबिगार ती हीच, असा युक्तिवाद मी न्यायालयात करणार नाही, कारण तो टिकणार नाही. परंतु कामाची मर्यादा नाही, दामाची निश्चिती नाही आणि त्याला मान म्हणावयाचे, ही मनोवृत्ती कोणत्या व्यवस्थेतून आली हे ओळखण्यास न्यायालयाची गरज नाही.

कोणी म्हणेल, की मग चळवळीसाठी फुकट काही करावयाचेच नाही काय? अवश्य करावे. मीही कित्येक खटले शुल्काविना चालवितो. पण दान आणि वेठ यांत भेद आहे. देणाऱ्याने आपल्या इच्छेने, कशाचे आणि किती हे जाणून दिले तर ते दान. घेणाऱ्याने गृहीत धरून घेतले तर ते दान नव्हे. आपण रोज वंदनेत पंचशील म्हणतो. त्यांतील दुसरे शील जे दिलेले नाही ते न घेण्याचे आहे. ते केवळ पाकीटमारासाठी सांगितले आहे असे समजण्याचे कारण नाही.

आता एक उदाहरण घेऊ. दुर्गाबाई व्याम आणि त्यांचे पती सुभाष व्याम हे मध्य प्रदेशातील परधान गोंड चित्रकार. दुर्गाबाईंचा जन्म मंडला जिल्ह्यातील बरबसपूरचा. सारवलेल्या भिंतीवर आणि जमिनीवर सणासमारंभाला डिगणा काढावयाचा, ही त्यांची पहिली शाळा. तिथून त्यांचा हात कागदावर आला, कागदावरून पुस्तकाच्या पानावर. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती या तिघांच्या चित्रांचे ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ हे पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने 2006 साली काढले आणि 2008 साली त्याला इटलीतील बोलोन्याचे पारितोषिक मिळाले. 2011 साली ‘भीमायन’ आले. ते बाबासाहेबांच्या जीवनातील अस्पृश्यतेच्या प्रसंगांवरील चित्रकथेचे पुस्तक आहे. चित्रे व्याम दांपत्याची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, प्रकाशन नवयानचे.

या पुस्तकात कौशल्य कसे वाढत गेले ते चित्रकारांनी मुद्दाम पाहावे. चित्रकथा म्हणजे चौकटीमागून चौकट, अशी सर्वत्र रूढी आहे. व्यामांनी आपली माणसे चौकटीत कोंडण्यास नकार दिला. पानाचे भाग पाडण्यास त्यांनी डिगण्याच्याच वळणदार पट्ट्या वापरल्या. बोलण्याचे फुगे सर्वांना सारखे ठेवले नाहीत. मृदू बोलणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात, आणि जातीचे विष ओकणाऱ्यांच्या शब्दांना विंचवाची नांगी! मनातल्या विचारांना डोळ्याची खूण. मसूरच्या स्टेशनावर ताटकळलेली ती पोरे, बडोद्याच्या पारशी वसतिगृहातून हाकलला गेलेला तो उच्चविद्याविभूषित तरुण हे प्रसंग आपण शंभरदा वाचले आहेत. तरी विंचवाची नांगी असलेले ते शब्द पाहिले की पुन्हा नव्याने झोंबतात. परंपरेतील हत्यार परंपरेने कधी न पाहिलेल्या विषयावर कसे चालवावे, याचा हा पाठ आहे. भिंतीवरचा हात सुटला नाही, आणि हात भिंतीपाशी थांबलाही नाही. पुढे 2018 च्या कोची-मुझिरिस बिनाले या प्रदर्शनात व्याम दांपत्याचे काम लागले, आणि 2022 साली दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली.

वकील म्हणून मला यांतील एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘भीमायन’वर व्यामांची नावे लेखकांच्या बरोबरीने आहेत. आत कोपऱ्यात बारीक अक्षरांत आभाराच्या यादीत ती टाकलेली नाहीत. नाव नसते तर प्रदर्शनाचे आमंत्रण कोणत्या पत्त्यावर गेले असते? स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या चित्रकाराजवळ महिन्याचा पगार नसतो, निवृत्तिवेतन नसते. मागच्या कामाखाली असलेले नाव हेच त्याला पुढचे काम मिळवून देते. ते नाव खोडणे म्हणजे त्याच्या पुढच्या वर्षाच्या भाकरीवर हात टाकणे होय.

याच परधान परंपरेतील जनगढ सिंह श्याम यांची कथा दुःखाची आहे. जगदीश स्वामीनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनासाठी त्यांना पुढे आणले. त्यांच्या हातून एक नवी शैलीच जन्मली. 2001 साली जपानमधील एका संग्रहालयात कराराने काम करीत असता त्यांनी आत्महत्या केली. परक्या देशात, घरापासून दूर, कशा अटींवर कलावंतांना नेले जाते, यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, 2010 साली, न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचे एक चित्र 31,250 डॉलरला विकले गेले. विकणाऱ्याचा लाभ झाला, विकत घेणाऱ्यालाही समाधान मिळाले. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या 53-अ कलमात मूळ चित्राच्या पुनर्विक्रीची किंमत दहा हजार रुपयांहून अधिक असेल तर चित्रकाराला वा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याची तरतूद आहे. पण ती भारताबाहेरच्या लिलावाला लागू पडत नाही, आणि भारतातही तिचा उपयोग करून घेणारे क्वचितच आढळतात. कायदा पुस्तकात असणे आणि तो आपल्या हातात असणे, यांतील अंतर आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको.

आता 1957 च्या या कॉपीराइट कायद्याकडे वळू. तो 21 जानेवारी 1958 पासून अमलात आला. त्याचे पहिले सूत्र असे, की चित्र ज्याने काढले तो त्याचा पहिला मालक. चित्राला कलात्मक दर्जा आहे की नाही हे कायदा पाहत नाही. जयंतीच्या फलकावरील रेखाटनालाही तेच संरक्षण आहे जे मोठ्या दालनातील तैलचित्राला. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे राहतो. नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. चित्र काढले त्या क्षणी हक्क जन्मतो.

मात्र 17 व्या कलमात एक अपवाद आहे आणि तो चित्रकारांनी लक्षपूर्वक ऐकावा. कोणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून चित्र वा व्यक्तिचित्र काढवून घेतले, तर विरुद्ध करार नसल्यास तो काढवून घेणारा पहिला मालक होतो. पुस्तकातील साधी रेखाटने या अपवादात बसतात की नाही यावर वकील वाद घालू शकतील. तुम्ही मात्र त्या वादावर पोट ठेवू नका. पैसे घेऊन काम करीत असाल तर “हक्क चित्रकाराकडे राहतील, प्रकाशकास अमुक वापराची परवानगी आहे” हे एक वाक्य लिहून घ्या. एका वाक्याने मालकी बदलते.

पण या अपवादाची दुसरी बाजूही आहे, ती चित्र फुकट घेणाऱ्यांनी ऐकावी. अपवाद मोबदला देणाऱ्यासाठी आहे. ज्याने काहीच दिले नाही त्याला तो लागू नाही. आणि हक्काचे हस्तांतर लेखी व सही केलेले असल्यावाचून वैध होत नाही, असे 19 वे कलम सांगते. म्हणजे दाम दिले नाही आणि कागदही केला नाही, तर चित्राचा कॉपीराइट पूर्णपणे चित्रकाराचा. ज्या एका कामासाठी चित्र दिले त्या एका वापराची परवानगी फार तर गृहीत धरली जाईल. तेच चित्र उद्या सदऱ्यावर, परवा बिल्ल्यावर, तेरवा दुसऱ्या पुस्तकावर छापण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरतेच मानले जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. 2012 च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट झाली. करार केला त्या वेळी वापराचे जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचे हक्क करारात स्पष्ट नमूद केल्याशिवाय जात नाहीत.

एका तरुणीचे प्रकरण माझ्याकडे आले होते. तिने एका पुस्तकाचे मुखपृष्ठ केले. बोलणी सारी फोनवर, रकमेचा आकडा संदेशात आलेला. पुस्तक निघाले, पैसे आले नाहीत, आणि वर्षाच्या आत तेच चित्र खालची सही कापून सदऱ्यांवर विकले जाऊ लागले. तिला वाटत होते की कागद नाही म्हणजे आपली बाजू नाही. वस्तुतः बाजू तिचीच भक्कम होती. 1872 च्या करार कायद्याचे 70 वे कलम म्हणते, की फुकट करण्याचा हेतू नसता एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीररीत्या काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई दिली पाहिजे. शिवाय रकमेचा तो संदेश पुरावा होता. आम्ही नोटीस धाडली. तिच्यात शिवीगाळ नव्हती, फक्त कलमे आणि तारखा होत्या. पैसे मिळाले, आणि पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठकार म्हणून तिचे नाव आले. प्रकाशक आपल्यातलाच होता. नोटिशीआधी तिने दोन वर्षे वाट पाहिली ती त्याच संकोचाने, “आपल्याच माणसावर कशी कारवाई करावी?” हक्क मागणे म्हणजे वैर धरणे नव्हे. असे पैसे मागण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते, तिच्यातील दोन संकोचात गेली होती.

नावाचा हक्क तर दामाहूनही चिवट आहे. कायद्याच्या 57 व्या कलमाप्रमाणे सारे हक्क विकून टाकले तरी कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि तिच्या मानहानिकारक मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होते. 1979 साली ते काढून गोदामात टाकण्यात आले व त्याची नासधूस झाली. शासनाने पैसे मोजून घेतलेली ती वस्तू होती. तरीही 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष सहगल यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा हुकूम केला. भारत सरकारला जे जमले नाही, ते वॉर्डातील मंडळाला जमणार नाही.

आणि नावाचे महत्त्व आपल्या संविधानाच्या मूळ प्रतीतच दिसते. ती प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली आणि नंदलाल बोस व शांतिनिकेतनातील त्यांच्या सहकाऱ्यांनी सजविली. बुद्धाच्या जीवनातील प्रसंग आणि अशोकाचा धम्मप्रसार तिच्या चित्रांत आहेत. रायजादांनी मेहनताना घेतला नाही, पण प्रत्येक पानावर आपले नाव राहावे ही अट घातली, हे प्रसिद्ध आहे. उद्देशिकेचे पान सजविणारे ब्योहार राममनोहर सिन्हा यांनीही वेलबुट्टीत आपली लहानशी सही ठेवली आहे. ज्या ग्रंथापुढे आपण नतमस्तक होतो, त्याच्या पानावर चित्रकाराची सही चालते, आणि आपल्या दिनदर्शिकेवर तिला जागा पुरत नाही!

“बाबासाहेबांचे चित्र साऱ्या समाजाचे, त्यावर एकट्याचा हक्क कसला?” हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. बाबासाहेबांची मुद्रा कोणाच्याही मालकीची नाही, ती कोणीही रेखाटावी. पण तुम्ही ओढलेली रेषा तुमची आहे. हा न्याय चित्रकारांनाही लागू आहे. दुसऱ्याचे छायाचित्र वा चित्र उतरवून त्यावर रंग चढवावयाचा आणि आपली सही ठोकावयाची, हे आपल्यातही चालते. यंत्राला वाक्य सांगून क्षणात चित्र मिळण्याची सोय झाल्यापासून तर अधिकच चालते. ज्याला आपल्या नावाची चाड आहे त्याने दुसऱ्याचे नाव राखले पाहिजे.

येथे, अधिकार नसताना, चित्रकलेबद्दलही एक तक्रार करतो. निळा कोट, उंचावलेले बोट, हाती संविधान, मागे उगवता सूर्य, याखेरीज आपल्या चित्रकारांना विषय नाहीत काय? 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. तिथे जमलेल्या स्त्रियांचे चेहरे कोठे आहेत? 20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. तिचे चित्र किती घरांत आहे? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखती जमवून ठेवल्या आहेत. एका चित्रकाराला दहा वर्षे पुरेल एवढे त्यांत आहे. व्यामांनी चौकट मोडली ती हट्टाने नव्हे, त्यांना सांगावयाचे होते ते चौकटीत मावत नव्हते म्हणून. आपल्यापाशी सांगण्यासारखे त्याहून कमी नाही. आणि असे नवे काम मंडळाच्या रात्रीतून केलेल्या फलकात होत नाही. त्याला अभ्यासाचे महिने लागतात, आणि महिने लागतात म्हणून दाम लागते.

प्रदर्शनाविषयी थोडेच सांगतो, कारण तेथे अजून आपले पाऊल नुकते पडते आहे. चित्र दालनात देताना यादी करून पोच घ्या. विक्रीत दालनाचा वाटा किती, पैसे किती दिवसांत मिळणार, ने-आण करताना नुकसान झाल्यास कोणी भरावयाचे हे आधी लिहा. चित्र विकले तरी त्याच्या प्रती छापण्याचा हक्क विकला जात नाही, हे विकत घेणाऱ्याला पावतीवरच कळवा.

आणि मुख्य कागद. चित्र कोणते, कोणत्या वापरासाठी, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशात, रक्कम किती व केव्हा, नाव कोठे छापावयाचे, मूळ फाईल कोणाकडे राहणार. एवढे एका पानात मावते. दुरुस्त्या किती वेळा करून देणार हेही घाला, नाहीतर सोळाव्या वेळी तुम्हीच माझ्याकडे याल. काम दान म्हणून करीत असाल तर तसेही लिहा. “मोबदला: धम्मदान” असा शब्द घाला, पण वापराची मर्यादा आणि नावाची अट त्याखालीही ठेवा. कागद मराठीत चालतो. इंग्रजी लागत नाही, जड शब्द लागत नाहीत. दोघांच्या सह्या आणि तारीख हवी. एखादे चित्र विशेष मोलाचे वाटत असेल तर कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करावी. वस्तूंवर न वापरल्या जाणाऱ्या चित्राचे शुल्क 500 रुपये आहे, आणि तो अर्ज घरबसल्या करता येतो. या पानाचा एक नमुना मी सभेच्या संयोजकांकडे देऊन ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी उतरवून घ्यावा. त्यावर मात्र माझे नाव घालण्याची गरज नाही, तो मी दान दिला आहे.